परदेशात गाडी भाड्याने घेताना: परवाना, इन्शुरन्स आणि बाकीचे नेहमीचे प्रश्न

माझा नेहमीचा परवाना परदेशात चालेल का?

ते देशावर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून गेलेल्याला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. इटलीत युरोपीय संघाबाहेरच्या परवान्यासोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट (आयडीपी) किंवा अधिकृत भाषांतर जवळ असावं लागतं. चीनमध्ये आयडीपी मुळीच चालत नाही, तिथे तात्पुरता स्थानिक परवाना काढावा लागतो.

इथे दोन वेगळ्या अटी असतात आणि बरेचजण त्यातली एकच तपासतात. एक त्या देशाच्या कायद्याची, दुसरी गाडी देणाऱ्या कंपनीची. कायद्याने आयडीपी लागत नसलं तरी कंपनी मागू शकते आणि नसेल तर काउंटरवरून परत पाठवू शकते. अशा वेळी आगाऊ भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. उलटही घडतं: काउंटरवर कोणी विचारत नाही, पण अपघातानंतर पोलिस आणि विमा कंपनी दोघंही कागद मागतात. म्हणून बुकिंगच्या अटींमधला परवान्याबद्दलचा भाग पैसे भरण्याआधी वाचा. परवाना रोमन लिपीत नसेल तर आयडीपी किंवा भाषांतर लागणारच असं धरून चाला.

मोबाइलमधला डिजिटल परवाना आपल्या देशात चालत असला तरी परदेशातल्या काउंटरवर मूळ कार्ड किंवा पुस्तिकाच लागते. फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही.

आयडीपी नेमकं काय असतं? कुठून काढायचं?

आयडीपी म्हणजे तुमच्या परवान्याचं अनेक भाषांतलं अधिकृत भाषांतर, पुस्तिकेच्या रूपात. तो स्वतंत्र परवाना नव्हे. मूळ परवाना सोबत नसेल तर एकट्या आयडीपीला काही किंमत नाही. ज्या देशाने परवाना दिला, तिथलं सरकारी परिवहन खातं किंवा सरकारने अधिकार दिलेली मोटार संघटनाच ते देते. प्रवासाला निघाल्यावर मिळवणं फार अवघड जातं, म्हणून निघण्यापूर्वीच काढा.

आयडीपी एकाच प्रकारचं नसतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलं एक वर्ष चालतं. १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेलं जास्तीत जास्त तीन वर्षं, पण मूळ परवान्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीच. जपान फक्त १९४९ चं स्वीकारतो. (जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड अशा मोजक्या ठिकाणच्या परवान्यांसाठी तिथे अधिकृत जपानी भाषांतराची वेगळी सोय आहे.) व्हिएतनाममध्ये मात्र १९६८ चंच चालतं. कराराचं साल पुस्तिकेवर छापलेलं असतं. हातात पडल्याबरोबर ते पाहून घ्या.

इंटरनेटवर ‘दहा वर्षं वैध आंतरराष्ट्रीय लायसन्स’ अशी कार्डं विकली जातात. ती खाजगी छपाई आहे, तिला कायद्याचा आधार नाही. त्यांवर संयुक्त राष्ट्रांसारखं बोधचिन्ह असलं तरी फसू नका. संयुक्त राष्ट्रं कोणाला आयडीपी देत नाहीत.

वयाची आणि अनुभवाची अट काय असते?

बहुतेक ठिकाणी किमान वय २१ आणि परवाना मिळून किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. २५ पेक्षा कमी वयाच्या चालकाला दर दिवसाचा जादा आकार लागतो, आणि मोठ्या किंवा महागड्या गाड्या त्याला मिळतही नाहीत. काही देशांत आणि काही कंपन्यांत वरची मर्यादाही असते, बहुधा ७० ते ७५ च्या आसपास. परवान्याचं नूतनीकरण करताना नवी तारीख छापली गेली असेल, तर पहिल्यांदा परवाना कधी मिळाला ते दाखवणारा कागद जवळ ठेवा. नाहीतर वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यालाही ‘नवशिक्या’ धरलं जाऊ शकतं.

क्रेडिट कार्डच का मागतात? डेबिट कार्ड का चालत नाही?

गाडी देताना कंपनी डिपॉझिट म्हणून कार्डावरची ठरावीक रक्कम अडकवून ठेवते. ती खात्यातून जात नाही, पण तेवढी मर्यादा वापरता येत नाही. डेबिट कार्डावर हे करायचं तर खात्यातले खरे पैसे अडकतात, शिवाय नंतर जास्तीची वसुली करणं अवघड होतं. म्हणून अनेक कंपन्या डेबिट आणि प्रीपेड कार्डं नाकारतात, किंवा त्यांच्यावर महागडा इन्शुरन्स घ्यायला लावतात.

कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं हवं. पत्नीच्या कार्डावर पतीला गाडी मिळत नाही. पासपोर्ट, परवाना आणि कार्ड या तिन्हींवरचं नाव जुळायला हवं. डिपॉझिटची रक्कम आधी विचारून तेवढी मर्यादा मोकळी ठेवा, कारण त्याच कार्डावर हॉटेलंही रक्कम अडकवणार असतात. गाडी परत केल्यावर रक्कम मोकळी व्हायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात.

पैसे घेताना मशीन ‘तुमच्या देशाच्या चलनात भरायचे का’ असं विचारेल. नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. चलनबदलाचा तो दर बहुधा तुमच्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो.

भाड्यात इन्शुरन्स धरलेलाच असतो ना?

अर्धवट. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: तुमच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान, आणि तुमच्या हातातल्या भाड्याच्या गाडीचं नुकसान.

पहिल्याला थर्ड पार्टी म्हणतात. युरोपात ते कायद्यानेच सक्तीचं आहे, म्हणून भाड्यातच येतं. अमेरिकेत तसं गृहीत धरू नका. तिथे प्रत्येक राज्याची किमान रक्कम वेगळी, अनेक ठिकाणी ती फारच तोकडी, आणि एका गंभीर अपघाताच्या वैद्यकीय खर्चापुढे तर नगण्यच. त्यामुळे अमेरिकेत ‘सप्लिमेंटल लायेबिलिटी’ हे संरक्षण (बऱ्याचदा १० लाख डॉलरपर्यंतचं) बुकिंगमध्ये आहे का ते पाहा. नसेल तर घ्या. इन्शुरन्समध्ये एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर ती ही. गाडीच्या नुकसानीला गाडीच्या किमतीची मर्यादा असते, माणसाच्या इजेला तशी मर्यादा नसते. न्यूझीलंडमध्ये अपघाती इजेची भरपाई सरकारी योजनेतून होते, पण दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान भरून देणारा विमा तिथे सक्तीचा नाही. म्हणून तो करारात आहे की नाही ते विचारायला हवं.

दुसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे भाड्याच्या गाडीच्या नुकसानीसाठी, सीडीडब्ल्यू किंवा एलडीडब्ल्यू असतं. कोलिजन डॅमेज वेव्हर, लॉस डॅमेज वेव्हर. हा खरं तर विमा नसून ‘इतक्या रकमेपुढचं नुकसान आम्ही तुमच्याकडून मागणार नाही’ असं कंपनीने दिलेलं वचन आहे. वचन करारातलं असल्यामुळे करार मोडला की तेही संपतं. एलडीडब्ल्यूमध्ये सहसा चोरीही येते, सीडीडब्ल्यूसोबत चोरीचं संरक्षण वेगळं असू शकतं.

एक्सेस म्हणजे काय?

नुकसानीतला जो भाग तुमच्याच खिशातून जातो, तो. समजा एक्सेस १,५०० युरो आहे. बंपर घासला, खर्च ४०० युरो आला, तर पूर्ण ४०० तुमचे. गाडी जोरात आदळली, खर्च ६,००० आला, तर तुमचे १,५००, बाकी कंपनीचे. किरकोळ ओरखडे आणि पोचे हेच सगळ्यात जास्त होतात आणि ते जवळजवळ नेहमी एक्सेसच्या आतच बसतात. म्हणजे नुसत्या सीडीडब्ल्यूवर अशा नुकसानीचा सगळा खर्च तुम्हीच देता. दोन बुकिंगांची तुलना करताना दिवसाचं भाडं पाहण्याआधी एक्सेसचा आकडा पाहा. स्वस्त दिसणाऱ्या भाड्यामागे बऱ्याचदा मोठा एक्सेस असतो.

एक्सेस शून्य करायचं तर कुठून?

तीन मार्ग आहेत. काउंटरवर ‘सुपर कव्हर’ घेतलं तर महाग पडतं, पण नुकसान झाल्यास किल्ली देऊन निघता येतं आणि डिपॉझिटही कमी होतं. दुसरा मार्ग स्वतंत्र विमा कंपनीची एक्सेस पॉलिसी. ती बरीच स्वस्त असते, मात्र निघण्याआधी घ्यावी लागते. नुकसान झालं की गाडीवाली कंपनी आधी तुमच्या कार्डातून पैसे कापते, मग तुम्ही करार, दुरुस्तीचं बिल, फोटो आणि पैसे कापल्याची पावती पाठवून ते परत मिळवता. काउंटरवर अशा पॉलिसीला ओळखही नसते, त्यामुळे डिपॉझिट पूर्ण भरावं लागतं. जादा कव्हर घेण्याचा आग्रह झाला तर शांतपणे नाही म्हणा, आणि सही करण्याआधी करारात त्याची रक्कम शिरलेली नाही ना ते पाहा. टॅबलेटवर सही घेत असतील तर पूर्ण पान वर सरकवून पाहिल्याशिवाय बोट टेकवू नका.

तिसरा मार्ग क्रेडिट कार्डासोबत येणारं संरक्षण. ते मिळण्यासाठी पूर्ण भाडं त्याच कार्डाने भरलेलं असावं लागतं आणि बहुधा कंपनीचं सीडीडब्ल्यू नाकारावं लागतं. काही कार्डं ठरावीक देश, मोठ्या व्हॅन, महागड्या गाड्या किंवा जास्त दिवसांचं भाडं वगळतात. थर्ड पार्टी त्यात सहसा नसतंच. बँकेकडून लेखी अटी मागवा, फोनवरच्या तोंडी होकारावर विसंबू नका.

पूर्ण इन्शुरन्स घेतला तरी काय वगळलेलं असतं?

साध्या सीडीडब्ल्यूमध्ये टायर, रिम, काचा, छप्पर, गाडीचा खालचा भाग, आतलं सीट-कापड आणि हरवलेली किल्ली बहुधा नसते. यातले टायर आणि काच सगळ्यात लवकर जातात, म्हणून जादा कव्हरमध्ये ते आहेत की नाहीत एवढं तरी विचारा. चुकीचं इंधन भरल्याचं नुकसान जवळजवळ कुठेच भरून मिळत नाही. दुरुस्तीच्या काळात गाडी भाड्याने देता आली नाही म्हणून लावला जाणारा ‘लॉस ऑफ यूज’ आकार (जपानमध्ये ‘नॉन-ऑपरेशन चार्ज’) हाही वेगळा येतो.

आइसलँडचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. तिथे वाळू आणि राखेच्या वादळाने रंग खरवडला जातो, त्यासाठी वेगळं कव्हर लागतं. वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरी वाकली तर ते सीडीडब्ल्यूमध्ये सहसा बसत नाही, म्हणून गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावतात आणि दार हाताने धरून उघडतात. नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर सगळा खर्च चालकाचा. ‘एफ’ अक्षराच्या डोंगरी रस्त्यांवर फोर-व्हील ड्राइव्ह नसलेली गाडी नेणं तिथे बेकायदाच आहे.

आणि कुठल्याही देशात पुढचं घडलं तर सगळं कव्हर जातं: करारात नाव नसलेल्याने गाडी चालवली, दारू पिऊन चालवली, मनाई असलेल्या कच्च्या रस्त्यावर किंवा परवानगी नसलेल्या देशात नेली, किंवा जिथे पोलिस अहवाल लागतो तिथे तो केला नाही. ‘पाच मिनिटं तू चालव’ म्हणून मित्राला बसवणं ही यातली सगळ्यात महाग पडणारी चूक. दुसरा चालक असणार असेल तर काउंटरवरच नाव घाला. त्यालाही तिथे परवाना घेऊन हजर राहावं लागतं.

बुकिंगमध्ये दाखवलेलीच गाडी मिळते का?

नाही. फोटोखाली ‘किंवा तत्सम’ लिहिलेलं असतं, हमी वर्गाची असते. व्हाउचरवर चार अक्षरांचा कोड असतो, उदाहरणार्थ ‘सीडीएमआर’. पहिलं अक्षर आकार, दुसरं बांधणी, तिसरं गिअर, चौथं इंधन आणि एसी सांगतं. तिसऱ्या जागी ‘एम’ असेल तर मॅन्युअल, ‘ए’ असेल तर ऑटोमॅटिक. युरोपात स्वस्त गाड्या अजूनही बहुतांशी मॅन्युअल, अमेरिकेत आणि जपानमध्ये जवळजवळ सगळ्या ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिकच हवी असेल तर लवकर बुक करा, आणि परवाना फक्त ऑटोमॅटिकचा असेल तर हे अक्षर दोनदा पाहा.

भाडं २४ तासांच्या हिशेबाने लागतं. सकाळी १० ला घेतलेली गाडी शेवटच्या दिवशी दुपारी परत केली तर आणखी एक दिवस. विमानतळावरून घेणार असाल तर बुकिंगमध्ये फ्लाइट नंबर द्या. विमान उशिरा आलं तर गाडी राखून ठेवतात, नाहीतर ‘आला नाही’ म्हणून बुकिंग रद्द होऊ शकतं.

गाडी ताब्यात घेताना काय तपासायचं?

चावी घेऊन लगेच निघू नका. गाडीभोवती सावकाश एक फेरी मारत सलग व्हिडिओ घ्या: चारही बाजू, छप्पर, काच, चारही रिम जवळून, आणि वाकून बंपरच्या खालची कड. ओरखडे तिथेच लपलेले असतात आणि परतीच्या तपासणीत नेमकं तिथेच पाहतात. मग आत बसून किलोमीटर आणि इंधनाचा काटा एका फोटोत घ्या. कंपनीच्या कागदावर गाडीचं रेखाचित्र असतं. त्यावर खूण नसलेला प्रत्येक ओरखडा कर्मचाऱ्याकडून लिहून घ्या. पार्किंग अंधारं असेल किंवा गाडी ओली असेल तर मोबाइलची बत्ती लावा, कारण पाण्याखाली ओरखडे दिसत नाहीत.

स्पेअर चाक आहे की नुसतं टायर फुगवायचं किट, गाडी बंद पडल्यावर रस्त्यावर ठेवायचा त्रिकोण आणि चमकतं जॅकेट कुठे आहे, इंधनाच्या टाकीचं झाकण कसं उघडतं, रिव्हर्स गिअर कसा पडतो, हेही जागेवरच पाहा. फ्रान्समध्ये जॅकेट डिकीत नव्हे, हाताशी असावं लागतं.

इंधनाची पॉलिसी कोणती चांगली?

भरलेली घ्या, भरलेली द्या. आगाऊ पूर्ण टाकीचे पैसे घेणाऱ्या पॉलिसीत उरलेल्या इंधनाचे पैसे बुडतात. परत करण्याआधी जवळच्या पंपावर टाकी भरा आणि तारीख-वेळ असलेली पावती ठेवा.

चुकीचं इंधन भरलं जाणं परदेशात सहज घडतं, कारण नळीच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही. ब्रिटनमध्ये हिरवी नळी पेट्रोलची, अमेरिकेत तीच बऱ्याचदा डिझेलची. युरोपात २०१८ पासून आकारांची खूण आहे: पेट्रोलला गोल (ई५, ई१०), डिझेलला चौकोन (बी७). हीच खूण नव्या गाडीच्या झाकणाच्या आतही असते. दोन्ही जुळवा. डिझेलची नळी सुमारे २५ मिमी जाड, पेट्रोलची सुमारे २१ मिमी. त्यामुळे डिझेल पेट्रोलच्या गाडीत सहसा जातच नाही, पण पेट्रोल डिझेलच्या गाडीत सहज जातं. पेट्रोलला डिझेलसारखा वंगणाचा गुण नसल्याने पंप घासून धातूचे कण सगळीकडे पसरतात. चूक लक्षात आली तर इंजिन सुरू करू नका, इग्निशनही लावू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि कंपनीच्या रस्ता-मदत क्रमांकावर फोन करा. टाकी रिकामी करण्याचा खर्च होईल, पण इंजिन वाचेल.

टोल आणि शहरातली बंदी कशी सांभाळायची?

टोलनाकाच नसलेले रस्ते वाढत आहेत. डब्लिनच्या एम५० वर कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री ८ पर्यंत पैसे भरावे लागतात. फ्रान्समध्ये पॅरिस ते नॉर्मंडीच्या ए१३ वर ७२ तास मिळतात. मुदत चुकली की दंड कंपनीमार्फत तुमच्यापर्यंत येतो, वर कंपनीचा प्रशासकीय आकार. स्वित्झर्लंडच्या महामार्गांना वार्षिक विन्येट (टोलऐवजीचा पास) लागतं, ४० फ्रँकचं, कमी मुदतीचं मिळत नाही. तिथेच घेतलेल्या गाडीवर ते बहुधा असतं, शेजारच्या देशातून घेतलेल्या गाडीवर नसतं.

इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी ‘झेडटीएल’ असतं: ठरावीक वेळी फक्त परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश. फलक लहान असतात, नकाशाचं ॲप सरळ आत नेतं, आणि प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा. त्याच गल्लीत तीनदा फिरलात तर तीन दंड. हॉटेल आत असेल तर गाडीचा नंबर आधीच कळवा, ते नोंद करून देऊ शकतात.

शेजारच्या देशात गाडी नेता येते का?

लेखी परवानगी असेल तरच, आणि बहुधा जादा आकार भरून. युरोपीय संघाच्या बाहेर जाताना ग्रीन कार्ड (गाडीचा थर्ड पार्टी विमा त्या देशातही चालतो याचा पुरावा) लागतं का विचारा. फेरीबोटीत गाडी चढवायची असेल तर तेही सांगा, कारण काही करारांत जहाजावरचं नुकसान वगळलेलं असतं. कधी सीमा लक्षातच येत नाही. क्रोएशियात स्प्लिटहून दुब्रोव्निकला किनाऱ्याने जाताना मध्ये न्यूमजवळ बोस्नियाचा तुकडा लागतो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल सुरू झाल्यापासून तो टाळता येतो, पण नॅव्हिगेशनला पुलाचा रस्ता निवडायला सांगावं लागतं.

लहान मुलांची सीट?

आधीच बुक करा, काउंटरवर शिल्लक असेलच असं नाही. स्वतःची नेणार असाल तर त्या देशाचं प्रमाणपत्र पाहा: युरोपच्या मानकाची सीट अमेरिकेत कायदेशीर नाही आणि अमेरिकेची युरोपात. युरोपच्या आर१२९ मानकाच्या सीटमध्ये १५ महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवावं लागतं. सीट बसवण्याचं काम कर्मचारी बहुधा करत नाहीत, जबाबदारी तुमची.

उलट बाजूने चालवायची सवय कशी होते?

गर्दीत चूक कमी होते, कारण पुढची गाडी वाट दाखवते. धोका रिकाम्या रस्त्यावर असतो: पेट्रोल पंपातून किंवा पार्किंगमधून बाहेर पडताना हात जुन्या सवयीने वळतो. एक नियम धरा: चालक नेहमी रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला बसलेला असतो. उजवीकडून चालणाऱ्या देशांत गोल चौक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच रात्री गाडी घेऊ नका, शहरात एक रात्र काढून सकाळी घ्या.

अपघात झाला तर?

आधी माणसं, मग फोन. युरोपात ११२. कोणाला इजा झाली असेल, चोरी असेल किंवा समोरचा वाद घालत असेल तर पोलिस हवेतच, आणि त्यांच्या अहवालाचा क्रमांक घ्या. कंपनीला लगेच कळवा, बऱ्याच करारांत त्यालाही मुदत असते.

युरोपात गाडीत बहुधा संयुक्त अपघात अहवालाचा दुहेरी फॉर्म असतो, सगळ्या भाषांत त्याची मांडणी तीच. मधल्या १२ व्या रकान्यात घटनेचं वर्णन करणाऱ्या चौकोनांत खुणा करायच्या आणि खाली किती खुणा केल्या तो आकडा लिहायचा, म्हणजे नंतर कोणी एखादी खूण वाढवू शकत नाही. हा आकडा लिहायला विसरू नका. न समजणाऱ्या भाषेतल्या मजकुरावर सही करू नका. असहमत असाल तर शेऱ्याच्या जागी तसं लिहा. फोटो गाड्या हलवण्याआधी घ्या, दोन्ही नंबर प्लेट आणि रस्त्याच्या खुणा दिसतील असे.

परत केल्यानंतर महिन्यांनी कार्डातून पैसे कापले गेले. हे कशाचं?

बहुधा दंडाच्या कामाचा आकार. पोलिसांनी गाडीमालकाला विचारलं की कंपनी तुमचं नाव-पत्ता देते आणि त्या कामाचे पैसे घेते. मूळ दंड यात नसतो, तो नंतर स्वतंत्र येतो. इटलीत परदेशी राहणाऱ्याला नोटीस पाठवायला अधिकाऱ्यांना ३६० दिवस असतात, आणि ती मिळाल्यापासून पाच दिवसांत भरलं तर अनेक दंडांवर ३० टक्के सूट मिळते.

नुकसानीचे पैसे कापले असतील तर कंपनीकडे तीन गोष्टी मागा: परतीच्या वेळचे फोटो, दुरुस्तीचं बिल, आणि तुमच्या सहीचा सुरुवातीचा तपासणी कागद. बंद काउंटरच्या खोक्यात किल्ली टाकून गेला असाल तर कंपनीने गाडी तपासेपर्यंतची जबाबदारी बहुधा तुमचीच धरली जाते. म्हणून जमेल तेव्हा उघड्या वेळेत परत करा आणि ‘नुकसान नाही’ असं लिहून घ्या. ते शक्य नसेल तर परत करतानाही तसाच व्हिडिओ घ्या, गाडी जिथे लावली ती जागाही त्यात येऊ द्या. सगळे कागद आणि व्हिडिओ निदान वर्षभर सांभाळा. हातात पुरावा असेल तर कार्डाच्या बँकेकडे त्या वसुलीवर हरकत नोंदवता येते, पण त्यालाही मुदत असते, म्हणून स्टेटमेंट आल्याबरोबर पाहा.